मेण लावलेल्या जखमा

१

"बाई, खून झालाय," असं सचिवांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि माझ्या गाडीला अजून बराच वेळ होता.

"कोणाचा?"

"हिमचंप्याचा! खोडाला गिरमिटानं भोकं पाडून आत विष ओतलंय. आज सकाळी दिसलं. तुम्ही या, बघा, अहवाल लिहा, म्हणजे आम्ही पोलिसांत जायला मोकळे. चला, चला, ठेवतो."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. मला हसू आलं नाही. मी आयुष्यभर शेतकी कॉलेजात झाडांचे रोग शिकवले. निवृत्त झाल्यावरही लोक मला बोलावतात आणि कौतुकानं 'झाडांची डॉक्टरीण' म्हणतात. पण पेशंट जिवंत असताना सहसा कोणी बोलावत नाही. गेल्यावर बोलावतात, कशानं गेला ते सांगायला. त्यामुळे माझा स्वभाव जरा खवट झालाय, असं माझी बहीण म्हणते. जरा कसला, चांगलाच झालाय.

हा हिमचंपा साधासुधा नव्हता. जुन्या सार्वजनिक बागेच्या मधोमध एक बंगला आहे, त्याच्या दारात तो तीन पिढ्या उभा होता. गावातल्या प्रत्येक घरात त्याच्याखाली काढलेला एक तरी फोटो सापडेल. बाग आणि बंगला, दोन्ही मोडकळीला आले होते. एका समितीनं ते पुन्हा उभे करायचं मनावर घेतलं आणि काम आता संपत आलं होतं. उद्घाटन तोंडावर होतं. अशात हिमचंप्याची पानं कडेनं करपायला लागली, म्हणून माती तपासायला मला बोलावलं होतं.

मी माती तपासायला निघावं आणि त्याच सकाळी खोडाला भोकं दिसावीत, हे मला पटेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

२

सचिव फाटकातच उभे होते. भला माणूस, पण पायाला भिंगरी. बागेतले मजूर त्यांना मागून 'चला-चला साहेब' म्हणतात, हे मला तासाभरात कळलं.

"चला, चला. इकडून."

झाड पाहिलं. एवढा मोठा पसारा, आणि बंगल्याच्या बाजूची पानन् पान तपकिरी. जमिनीवर करपलेल्या पानांचा थर साचला होता, पाऊल टाकलं की कुरकुर आवाज होत होता. खोडावर कमरेच्या उंचीला ओळीनं भोकं होती. प्रत्येक भोक पिवळट मेणानं बुजवलेलं. उन्हात ते मेण चमकलं म्हणून सचिवांना दिसलं.

"आणि हे कोणी केलं तेही कळलंय," सचिव आवाज खाली आणून म्हणाले. "आबा. आमचा मुख्य माळी. त्याच्या अवजारांच्या खोलीत गोणपाटाखाली गिरमिट मिळालं."

"आबा का करतील?"

"फाटकाजवळच्या खोलीत राहतो तो. जन्म गेला तिथे. आता ती खोली तिकीटघर होणार, म्हणून त्याला जागा सोडायची नोटीस दिली. बायको गेल्यापासून एकटा आहे, डोक्यात राग धरला असणार. वारसा म्हणून नोंदलेलं झाड आहे, बाई. मारणाऱ्याला तुरुंग आहे. सोमवारी सभा. आबाला पोलिसांच्या ताब्यात देऊ, झाड कापून जागा साफ करू, मग उद्घाटन. मेलेलं झाड दारात ठेवून फीत कापायची का?"

मी खोडाकडे वळले. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले. भोकांच्या खाली लाकडाचा भुसा पडला होता, ताजा, फिकट. तो पानांच्या थरावर पडला होता. मी बोटानं पानं बाजूला केली. पानांखाली, मातीवर, भुशाचा कणही नव्हता.

"साहेब, ही भोकं पाडणाऱ्यानं झाडाला मारलेलं नाही."

"म्हणजे?"

"भुसा पानांच्या वर आहे. पानं आधी करपली, गळली, थर साचला आणि मग कोणी तरी गिरमिट घेऊन आलं. जळून गेलेल्या झाडाला विष कोण घालेल?"

सचिव पहिल्यांदाच 'चला' म्हणायचं विसरले.

३

आबा अवजारांच्या खोलीबाहेर उलट्या घमेल्यावर बसले होते. वाळकं, काटक शरीर, नखांत कायमची माती. मी समोर बसले तशी त्यांनी नजर खाली घातली.

"मीच मारलं," ते म्हणाले. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"कशानं?"

"मीठ. मीठ भरलं भोकांत."

"कधी?"

"झाला की महिना."

"आबा, भुसा कालचा आहे."

ते नख टोकरू लागले. मग एकदम चिडले. "अहो, मी कबूल करतोय ना? चोर स्वतः चोरी केली म्हणतोय, मग घरझडती कशाला? माती उकरत बसू नका. लिहा आणि जा."

आयुष्यात मी पुष्कळ लबाड माणसं बघितली, सगळी गुन्हा झटकणारी. गुन्हा असा अंगावर ओढून घेणारा माणूस बघून माझंच डोकं चक्रावलं. मी उठले तर मागून त्यांचा आवाज आला, अगदी वेगळा, मऊ.

"डॉक्टरीणबाई, एक ऐका. झाड कापू देऊ नका. एवढं सांगा त्यांना. अजून थोडं थांबा म्हणावं."

"मारलंत ना तुम्ही? मग थांबायचं कशासाठी?"

 त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. मी वळून पाहिलं. बंगल्याच्या पायरीवर तिशीचा एक माणूस उभा होता, कानावर पेन्सिल, अंगावर लाकडाची धूळ. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही एकदम माना फिरवल्या.

"तो सुतारकामाचा मिस्त्री," सचिव नंतर म्हणाले. "आबाचा मुलगा. एकच मुलगा, आणि वर्षानुवर्षं बोलत नाहीत एकमेकांशी. झाडं वाढवणाऱ्याच्या घरात झाडं कापणारा नको, असं म्हणून आबानं घराबाहेर काढला होता. आता एकाच आवारात काम करतात आणि आमच्या हातून निरोप पाठवतात. 'त्यांना सांगा, ओंडके वाटेतून काढा.' 'त्याला सांगा, वाट बागेची आहे.' मी सचिव आहे की टपालवाला, तेच मला कळत नाही."

४

बंगल्याचं काम बघणाऱ्या वास्तुविशारद बाईंना सगळे वास्तुबाई म्हणत. हिमचंप्यावर त्यांचा राग आहे, हे मला चौघांनी चार वेळा सांगितलं. त्यांनी स्वतः पाचव्यांदा सांगितलं.

"त्याची मुळं माझ्या जोत्याखाली शिरली आहेत. मी झाड काढायची परवानगी मागितली होती, मिळाली नाही. पण मी असं मागून वार करत नाही, बाई. मी अर्ज करते."

मला त्या आवडल्या. सरळ बोलणारं माणूस मला आवडतंच, मग ते माझ्या झाडांच्या मुळावर का उठलेलं असेना.

त्यांनी मला बंगला दाखवला, अगदी लेकरू दाखवावं तसा. छताच्या तुळया पोखरलेल्या होत्या. बदलल्या असत्या तर सोपं होतं, पण मिस्त्रीनं एकेक उतरवून, सडका भाग कापून, नवा तुकडा सांधून पुन्हा चढवली होती. मागच्या अंगणात एक लांबलचक पत्र्याची टाकी होती. "टाकणखाराच्या पाण्यात तुळया बुडवून ठेवल्या होत्या. आता वाळवी फिरकायची नाही." टाकी रिकामी होती. तिच्या काठाला पांढरी खपली धरली होती. शेजारीच दगडी नालीचं तोंड होतं, नुकतंच घासून साफ केलेलं.

"ही नाली मातीनं बुजली होती," वास्तुबाई म्हणाल्या. "आम्ही मोकळी केली. जुन्या नकाशाप्रमाणे सगळं पाणी बाहेरच्या गटारात जातं."

"बागवाल्यांना विचारलंत?"

"त्यांचं आवार खडीच्या वाटेपलीकडे. ते आमच्याकडे येत नाहीत, आम्ही त्यांच्याकडे जात नाही."

वर जाताना मी जिन्याच्या कठड्याला हात लावला. लाकूड लोण्यासारखं गुळगुळीत होतं. खालच्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे बोटाला काही तरी लागलं. वाकून पाहिलं तर एक चिमुकलं पान कोरलेलं होतं, बोथट टोकाचं, मधली शीर थोडी वाकडी.

"मिस्त्रीची खूण," वास्तुबाई हसल्या. "सही करायला लाजतो, मग असं कुठे तरी लपवतो."

खाली आल्यावर मी सचिवांना गिरमिट दाखवायला सांगितलं. त्यांनी ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. जुनं, लहानसं, कोवळ्या हातात बसेल अशा मुठीचं. मी मूठ उलटी केली. तिच्यावर बोथट टोकाचं एक पान कोरलेलं होतं, मधली शीर थोडी वाकडी.

५

म्हणजे मुलानं बापाच्या खोलीत आपलं अवजार लपवून त्याला गोत्यात आणलं? घराबाहेर काढल्याचा सूड? सगळं नीट जुळत होतं. जुळत होतं म्हणूनच मला त्रास व्हायला लागला, कारण असला मुलगा मला बघायचा नव्हता.

मिस्त्री पडवीत रंधा मारत होता. मी गिरमिट त्याच्यासमोर फळीवर ठेवलं.

"हे तुमचं?"

रंधा थांबला. त्यानं गिरमिट उचललं नाही, नुसता बघत राहिला.

"कुठे मिळालं?"

"आबांच्या अवजारांच्या खोलीत. यानंच भोकं पाडली आहेत."

"शक्य नाही. हे तळ्यात आहे."

"काय?"

"बागेच्या तळ्यात. शाळेत होतो तेव्हा मूठ मी घडवली होती याची. घर सोडलं त्या दिवशी बाबांनी माझ्यासमोर हे तळ्यात फेकलं. डुबुक असा आवाज झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, बाई." त्यानं आता ते हातात घेतलं, पातं उन्हात फिरवलं. "गंज नाही. तेल दिलंय याला. दरवर्षी दिल्याशिवाय असं राहत नाही."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. खोटं बोलणारा माणूस समोरच्याकडे बघतो, आपलं म्हणणं पटलं का ते चाचपतो. हा माझ्याकडे बघतच नव्हता.

"लोक म्हणतात बाबांनी झाड मारलं," तो म्हणाला. "आईपेक्षा त्या झाडावर जास्त जीव होता त्यांचा. माझ्यापेक्षा तर होताच. ते मारतील? त्यांना सांगा... नाही, काही सांगू नका."

तो पुन्हा रंधा मारायला लागला, पण फळी आता सरळ येत नव्हती.

मी बंगल्याच्या गच्चीवर जाऊन बसले. मुलानं गिरमिट लपवलं नव्हतं. तळ्यातून ते वर काढून इतकी वर्षं तेल देणारा एकच माणूस होता. भोकं आबांनीच पाडली होती, आणि तीही झाड करपल्यानंतर. पण का? आणि मग झाड करपलं कशानं?

खाली बाग पसरली होती. ज्यानं कोणी ती आखली त्याला सरळ रेघेचं वावडं असावं. वाटा वळणाच्या, ताटवे गोल, तळंसुद्धा वाकडंतिकडं. त्या सगळ्या वळणांत हिरवळीचा एक अरुंद पट्टा मात्र सरळ गेला होता. नवी लावलेली, जास्तच हिरवी हिरवळ. तो बंगल्याच्या मागच्या कोपऱ्यातून निघाला होता आणि थेट हिमचंप्याच्या बुंध्याशी थांबला होता.

तेव्हा मला कळलं. आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

६

नव्या हिरवळीचा एक तुकडा मी खुरप्यानं उचलला. वीतभर खाली विटांची जुनी नाली लागली, सांधे निखळलेली. विटांवर पांढरी खपली होती. ती मी डबीत भरली. तिथून झाडाची बागेकडची बाजू गाठली, जिथे अजून मी नीट बघितलं नव्हतं. या बाजूला पानांच्या नुसत्या कडाच करपल्या होत्या. इथे भोक एकच होतं, आणि उथळ. मेण खरवडून मी आत सुई घातली.

"बाई, बुजवा ते."

आबा मागे उभे होते. हातात मेणाची वाटी होती, कलमांना लावतात ते मेण.

"तुम्हाला सगळं माहीत आहे," मी म्हणाले.

"मला काही माहीत नाही. मी झाड मारलं, एवढंच माहीत आहे."

"आबा, मी खपली कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवणार. सोमवारी सभेत खरं सांगणार."

त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले. मला कोणी हात जोडलेले सहन होत नाहीत.

"माझं काय राहिलंय? खोली जाणारच आहे. तुरुंगात निदान छप्पर तरी मिळेल. पण त्याच्या हातात कला आहे, बाई. हिमचंपा मारणारा मिस्त्री म्हणून नाव झालं की कोण उभं करील त्याला? तुम्हाला मूलबाळ नाही वाटतं?"

नाही. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. खरं बोलले तर बाप सुटणार आणि मुलगा अडकणार. गप्प बसले तर निरपराध माणूस तुरुंगात जाणार आणि झाडावर करवत चालणार. पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

७

सोमवारी बंगल्याच्या दिवाणखान्यात सगळे जमले. समितीची माणसं, सचिव, वास्तुबाई, दाराशी मिस्त्री. आबा आत आलेच नाहीत, बाहेर झाडाखाली उभे राहिले. खिडकीतून दिसत होते.

"चला, बाई, सुरू करा," सचिव म्हणाले. "विष कोणतं होतं?"

"टाकणखार," मी म्हणाले. "आज सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला."

मिस्त्रीनं मान वर केली. वास्तुबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

"भोकांतून काही गेलं असतं तर भोकांच्या वरच्या फांद्या आधी वाळल्या असत्या. इथे जुनी पानं कडेनं करपली, सगळीकडे, म्हणजे जे काही गेलं ते मुळांतून गेलं. टाकणखार झाडाला चिमूटभर लागतो, मूठभर झाला की मारतो. मातीत तो आला कुठून? बंगल्याच्या मागच्या टाकीतून. टाकी दर वेळी नालीत रिकामी केली."

"पण नाली गटाराकडे..." वास्तुबाई बोलता बोलता थांबल्या.

"नकाशात. बागेत मात्र ती हिमचंप्याकडे जाते. बंगला बांधणाऱ्यांनी छपराचं पावसाचं पाणी झाडाला द्यायची सोय केली होती. पुढे नाली बुजली, लोक विसरले. तुम्ही ती मोकळी केलीत, बादलीभर पाणी ओतलंत, ते गेलं. पाणी जातंय का ते बघितलं, कुठे जातंय ते बघितलं नाही."

मी खिडकीबाहेरच्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"नालीवरचं गवत आधी पिवळं पडलं. सरळ रेघेत. ते बागेतल्या एकाच माणसाच्या लक्षात येणार. मी माती तपासायला येणार हे कळल्यावर त्यानं जळलेलं गवत काढून नवी हिरवळ लावली. आणि मी माती बघूच नये म्हणून झाडाला भोकं पाडली, गिरमिट स्वतःच्या खोलीत सापडेल असं ठेवलं. मुलाला वाचवायला दुसरं अवजार हाताशी नव्हतं. ते गिरमिट मुलाचंच होतं, बापानं जपून ठेवलेलं, हे गडबडीत ध्यानात आलं नाही."

"टाकी मी सोडली," मिस्त्री दारातून म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नसता. "मी स्वतः. दर वेळी."

"मी सांगितलं म्हणून," वास्तुबाई उठून उभ्या राहिल्या.  "नाली मी उघडली. टाकी तिच्यात सोडायला मी सांगितलं. मिस्त्रीनं विचारलं होतं मला, 'नक्की बाहेर जातं ना?' मी हो म्हणाले. हे लिहून घ्या."

मला त्या आधीच आवडल्या होत्या. आता त्यांच्याबद्दल आदर वाटला. मी ज्याला वाचवू शकले नसते त्या माणसाला त्यांनी एका वाक्यात वाचवलं.

"म्हणजे गुन्हा नाही?" सचिवांनी घाम पुसला. "बरं. पण झाड तर गेलंच ना? कापावं तर लागेल."

"साहेब, त्या भोकांना मेण का लावलंय?"

"लपवायला."

"ज्याला गिरमिट सापडावं असं वाटतं तो भोकं कशाला लपवेल? कलमाचं मेण जखम भरायला लावतात. आणि प्रेताच्या जखमेला कोणी मलम लावत नाही. आबांनी बंगल्याच्या बाजूनं भोकं पाडत नेली, सगळं सुकं लाकूड. बागेच्या बाजूला पहिलंच भोक पाडलं आणि हात थांबला. तिथे एकच भोक आहे, अर्धवट. मी त्यात सुई घातली. ओली आली. त्या बाजूला झाड जिवंत आहे, आणि आबांना ते माहीत आहे. गुन्हा कबूल करणारा माणूस झाड कापू नका म्हणून विनवतो, ते म्हणून."

मी दाराकडे पाहिलं. मिस्त्री तिथे नव्हता.

८

मी बाहेर गेले तेव्हा तो बापासमोर उभा होता. हातात गिरमिट. माझ्यामागून सचिव आणि वास्तुबाईही आल्या, पण पायरीवरच थांबल्या.

"त्याला सांगा," आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "यात त्याचा दोष नाही. पहिल्यांदा गवत पिवळं पडलं तेव्हाच मला दिसलं होतं. बंगल्याकडून काही तरी येतंय, कळलं होतं. वाट ओलांडून एक शब्द विचारला असता तर दुसऱ्यांदा टाकी सुटली नसती. पण विचारायचं कोणाला, तर त्याला. मी आज विचारू, उद्या विचारू करत बसलो. झाड मी मारलं म्हणालो ते काही अगदीच खोटं नाही, बाई."

मिस्त्री ऐकत होता. त्यानं निरोपाची वाट बघितली नाही.

"तळ्यात फेकलं होतंत ना हे?"

आबांनी खोडावर हात टेकला.  मग झाडालाच सांगावं तसं म्हणाले, "फेकलं होतं. दुसऱ्या दिवशी उतरून काढलं."

मला तिथे उभं राहणं जड झालं. अशा वेळी मी कामाचं बोलते, दुसरं काही मला येत नाही. मी सांगितलं की बंगल्याच्या बाजूची माती मुळं सांभाळून हातभर उकरून काढायची, नवी भरायची, आणि मग पाणी द्यायचं, भरपूर, दिवसचे दिवस, म्हणजे उरलेला खार खाली वाहून जाईल. तरी जगेलच असं नाही. मी खोटा धीर देत नाही. अर्धं झाड तर गेलंच आहे. त्या बाजूच्या फांद्या उतरवाव्या लागतील, नाही तर उरलेलं झाडही एका अंगाला कलंडेल.

"मजूर बोलावतो," सचिव पायरीवरून म्हणाले. "करवतवाले आहेत आमच्याकडे. चला."

"नको," आबा म्हणाले.

ते मुलाकडे वळले. मध्ये मी उभी होते, सचिव होते, निरोप द्यायला हवी तेवढी माणसं होती. त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही.

"तू काप," ते म्हणाले. "मेण मी लावतो."